‘रिक्षा’ या शब्दातून गळालेला माणूस

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधून माथेरानला जाणे ही काही प्रवासवर्णन लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे. स्टेशनावर कर्जतची लोकल पकडावी, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू अशी स्थानके मोजत नेरळला उतरावे आणि टॅक्सीने दस्तुरी नाका गाठावा, की झाले. आमच्यापैकी प्रत्येकजण लहानपणापासून चार-दोनदा तरी तिथे जाऊन आलेला. त्यामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही चौघे पुन्हा तिकडे निघालो ते हवापालटासाठी नव्हे. त्याचे कारण कॅम्पातच होते.

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. चौथे आमचे शेजारी, वयाच्या ऐंशीत असलेले निवृत्त गणितशिक्षक. त्यांना सारा मोहल्ला ‘सर’ म्हणतो, म्हणून इथेही तेच म्हणू. त्या वर्षी आमच्या मनात एक बेत घोळत होता: पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना आपलेच गाव पायी हिंडवून दाखवावे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेली छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत येऊन पडलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसवून त्या छावणीला मिळालेले ‘उल्हासनगर’ हे नाव. एवढा इतिहास पायाखाली असताना विद्यार्थ्यांनी फाळणीचे साहित्य केवळ नोट्समधून का वाचावे, असा आमचा सवाल होता. एखादी उरलेली बराक दाखवू, आणि ती दाखवायला त्याच बराकीत वाढलेला माणूस सोबत असेल, अशी कल्पना होती. तो माणूस म्हणजे सर. पाच-सहा वर्षांचे असताना ते कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याण कॅम्पात आले.

सर नाही म्हणत नव्हते आणि हो-ही म्हणत नव्हते. “बघू” या एका शब्दावर त्यांनी तीन महिने काढले होते. शेवटी आमच्यातल्या एकीने सुचवले की अशी सहल असते तरी कशी ते त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. जुन्या वाहनात बसवून जुने गाव दाखवण्याची चाल आता जगभर रूढ आहे. उटीची आणि दार्जिलिंगची गाडी आहे, कोलकात्याची ट्राम आहे, कुठे जुन्या उघड्या मोटारी आहेत. आपल्या दाराशी माथेरान आहे. तिथे तर मोटारींना मुळातच बंदी, त्यामुळे गावातली सगळीच वाहने जुनी. शिवाय २०१९ च्या पावसात उखडलेली नेरळ-माथेरान गाडी २२ ऑक्टोबर २०२२ पासून नुकतीच पुन्हा सुरू झालेली. सर तत्काळ कबूल झाले. “गाडीचं आधी बोलायचं ना,” म्हणाले.

गाडीबद्दल थोडे लिहायला हवे, कारण तिने आम्हांला फसवले. म्हणजे आनंद दिला. दोन रुळांतले अंतर अवघे दोन फूट. नेरळपासून वर माथेरानपर्यंत सुमारे एकवीस किलोमीटर. मधे जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज. आदमजी पीरभॉय यांचे सुमारे सोळा लाख रुपये आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा ध्यास यांतून १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग झाला. खडा चढ आला की गाडी त्याच्याशी भांडत नाही, वळसा घेते. तो डोंगर आधी खिडकीच्या उजवीकडे असतो, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. सरांनी कुठूनतरी वाचून ठेवले होते की चढ कुठेच वीसास एक याहून फारसा अधिक नाही. वीस फूट पुढे, तेव्हा एक फूट वर. हे प्रमाण त्यांना एखाद्या ओवीसारखे आवडले आणि दर वळणाला ते ते पुटपुटत होते. मार्गावर एकच बोगदा आहे. त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात, आणि तो का म्हणतात हे कळेपर्यंत संपतो. सरांनी गाडीचा वेग आणि बोगद्याची लांबी अजमावून नावाची सत्यता पडताळून पाहिली व “हिशेब बरोबर आहे” असा निर्वाळा दिला.

अडीच-पावणेतीन तास आम्ही इतके रमलो की आमचा बेत जवळजवळ सिद्धच झाला असे वाटले. जुन्या वाहनाची जादू ती हीच, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो: वेग कमी झाला की नजर वाढते, आणि वारसा म्हणजे दुसरे काय, तर परत मिळालेला सावकाशपणा. हे वाक्य आम्ही त्या बेताच्या टिपणात घालायचेही ठरवले होते. ते घातले नाही, याचे कारण माथेरान स्थानकाबाहेर उभे होते.

स्थानकाबाहेर हातरिक्षा उभ्या होत्या. दोन मोठी चाके, वर बसायची गादी, पुढे धरायचे दांडे. सरांचे गुडघे गेलेले. घोड्यावर ते बसणे शक्य नव्हते, आणि तांबड्या मातीच्या त्या चढउतारांच्या वाटेवर शार्लट लेकपर्यंत चालणेही शक्य नव्हते. हे सारे आम्हांला घरून निघतानाच ठाऊक होते. हातरिक्षेत बसावे लागेल हेही ठाऊक होते. तरी रिक्षेसमोर उभे राहिल्यावर सर थबकले आणि आम्हीही थबकलो.

“मी नाही बसणार,” सर म्हणाले.

रिक्षावाले तिघे होते. एक पुढे ओढणारा, दोघे मागून रेटणारे. चढावर एकट्याचे काम नव्हे. पुढचा पन्नाशीचा असावा. असे थबकणारे त्याने पुष्कळ पाहिलेले दिसले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गिऱ्हाईक हातचे जाऊ नये एवढी काळजी होती.

“बाबा, तुमी बसा,” तो म्हणाला. “आमी वढतो ते दिसतं म्हणून लोकांना वाईट वाटतं. मग ते बसत न्हाईत. मग आमाला वाईट वाटतं.”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. वर्गात शोषणावर तासभर बोलू शकणारे आम्ही तिघे दरपत्रकाच्या पाटीकडे पाहत उभे राहिलो. सरांनी उत्तर दिले नाही, पण त्याचे वजन किती ते विचारले. त्याने सांगितले. सरांनी स्वतःचे सांगितले. दोघांत फार तर पाच-सात किलोंचा फरक निघाला. मग सर बसले. आम्ही त्यांच्या बाजूने चालू लागलो, आणि अशा रीतीने आमची ती मार्गदर्शित सहल सुरू झाली.

मार्गदर्शक तोच, पुढचा. ओढताना धाप लागते, त्यामुळे त्याचे निवेदन तुटक होते: चढावर गप्प, सपाटीला दोन वाक्ये, उतारावर किस्सा. हा निवेदनाचा ताल आम्ही याआधी कुठल्या आख्यानमीमांसेत वाचला नव्हता. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात इथे वर चढून आले आणि त्यांनी माथेरान ‘शोधून काढले’, पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ते थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवायला घेतले, हे त्याने सरकारी माहितीपत्रकातल्यासारखे म्हणून दाखवले. मग लगेच म्हणाला, “मॅलेटसायबाला वर कोनी आनलं ते पुस्तकात नाय. वाट दाखवनारा आमच्यातलाच कोनीतरी असनार.” ते म्हणताना त्याने मान वळवली नाही, कारण दांडे हातात असताना मान वळवता येत नाही.

पुढे नावे येत गेली: शार्लट, लुईझा, अलेक्झांडर, एको, पॅनोरमा. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी गावाच्या नावाची फोड केली जाते. पण त्या रानातले कडे पाहायचे तर तोंडाने इंग्रजी नावेच घ्यावी लागतात. शार्लट लेकच्या काठी पिसरनाथाचे देऊळ आहे. तिथे त्याने रिक्षा थांबवून चपला काढल्या, आतून जाऊन आला, आणि “हा आमचा पॉइंट” असे म्हणाला. दिवसभरात तो हसला ते या एका ठिकाणी. हुतात्मा भाई कोतवाल याच गावचे, १९१२ साली इथल्या नाभिक कुटुंबात जन्मलेले. वकील झाले, १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून त्यांनी मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर हिराजी पाटलांसह त्यांना वीरमरण आले. त्यांचे नाव आमच्या रिक्षावाल्याने स्वतःहून घेतले. “सहलीच्या यादीत ते नसतंय,” तो म्हणाला, “पन आमी सांगतो.”

लुईझा पॉइंटच्या अलीकडे चढ लागला. मागचे दोघे वाकून रेटू लागले, पुढच्याची पाठ आडवी झाली. सर त्या पाठीकडे पाहत होते. समोर प्रबळगड दिसू लागला होता, त्याच्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. किंबहुना जाऊच शकत नव्हते, कारण त्या आसनावरून आधी पाठ दिसते आणि मग डोंगर. सर एकदम म्हणाले, “हा वीसास एक नाही.” आणि नंतर, “थांबवा, उतरतो.”

“बाबा, मधेच उतरू नका,” तो मान न वळवता म्हणाला. “परत चालू करताना जास्त जोर लागतो.”

सर उतरले नाहीत.

त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी आमच्यात बोलणे निघाले ते शब्दावरून. भाषेच्या माणसांची ही जुनी पळवाट: मन अवघडले की कोश उघडायचा. ‘रिक्षा’ हा शब्द जपानी. मूळ रूप ‘जिन्-रिकि-शा’: जिन् म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. १८७० च्या आसपास जपानात ही गाडी रूढ झाली, तिथून आशियाभर पसरली, आणि इंग्रजांच्या तोंडून फिरता फिरता शब्दाचे पहिले अक्षर झिजले. आपल्यापर्यंत ‘रिक्षा’ पोचली तेव्हा तिच्यात बळ होते, गाडी होती, फक्त माणूस गळून गेला होता. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत याचे साधे स्पष्टीकरण आहे, आणि त्यात कुणाचा हेतू नाही, हे आम्ही जाणतो. तरी त्या दिवशी ते अक्षर आमच्यासमोर दांडे धरून चालले होते.

मग अर्थातच किपलिंग आठवला. थंड हवेच्या गावातली रिक्षा म्हटले की इंग्रजीच्या विद्यार्थ्याला त्याची १८८५ सालची ‘द फँटम रिक्षॉ’ ही कथा आठवावीच. सिमल्यातला एक इंग्रज अधिकारी, त्याने झिडकारलेली आणि झुरून मेलेली मिसेस वेसिंग्टन, आणि तिच्या मृत्यूनंतर रस्त्यारस्त्यावर त्याला दिसत राहणारी तिची पिवळ्या फळ्यांची रिक्षा. ही कथा अपराधभावाची म्हणून शिकवली जाते आणि तशी ती आहेच. पण त्या रिक्षेला ओढणारे चार झंपानी आहेत. कथेत एका ओळीत कळते की ते चौघे भाऊ हरिद्वारच्या वाटेवर पटकीने मेले. म्हणजे मालकीण मेली, ओढणारे मेले, रिक्षाही मोडून टाकली गेली. तरी भुताच्या रूपात मालकीण बसलेलीच आहे आणि ते ओढतच आहेत. मरणाने तिला प्रियकराच्या मागे फिरायची मोकळीक दिली, त्यांना मात्र सुट्टी दिली नाही. निवेदकाला बाईच्या भुतापेक्षा हमालांचे भूत असू शकते याचेच नवल अधिक वाटते. त्यांना परलोकात पगार किती, कामाचे तास किती, असा प्रश्नही तो करतो, पण तो थट्टेने. कथेत चौघांपैकी कुणालाही नाव नाही. आम्ही ही कथा कितीदा वाचली असेल, शिकवलीही असेल. चार झंपान्यांकडे आमचे लक्ष गेले ते त्या रात्री पहिल्यांदा. पछाडणे फक्त बसणाऱ्यालाच शक्य असते असे आम्हीही धरून चाललो होतो.

सर इतका वेळ ऐकत होते. कथा त्यांनी वाचलेली नव्हती. आमचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, “तुमच्या त्या सहलीत मला काय करायचं आहे?”

आम्ही सांगितले. विद्यार्थी पंचवीस असतील. तुम्ही बराक दाखवायची, गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत किती कुटुंबे राहत होती ते सांगायचे. पाणी, रेशन, आई-वडिलांच्या आठवणी. तुम्ही बोलाल ते आम्ही नोंदवून घेऊ.

“म्हणजे मी ओढायचं,” सर म्हणाले, “आणि ते बसणार.”

यावर हसावे की नाही ते आम्हांला कळेना. सरांच्या आवाजात राग नव्हता; सकाळी बोगद्याचा हिशेब करताना होता तोच स्वर होता. ते पुढे बोलत राहिले, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात जे आम्ही कधी ऐकले नव्हते ते आम्ही त्या रात्री ऐकले. ती बराक सोडून निघणे हेच त्यांच्या वडिलांचे सगळे आयुष्य होते. त्यांनी रस्त्यावर गोळ्या-बिस्किटे विकली, नंतर कपड्याचे तुकडे विकले, आणि त्यातून एक पक्की खोली केली. ज्या दिवशी बराकीतला शेवटचा पत्र्याचा डबा हलवला त्या दिवशी आईने मागे वळून पाहू दिले नाही. आता त्या जागी सहा मजली इमारत आहे आणि ती कुरूप आहे हे सरांना मान्य आहे. “तुम्हाला बराक सुंदर वाटते,” ते म्हणाले, “कारण तुम्हाला तिच्यातून निघायचं नव्हतं.”

आम्ही आमची बाजू मांडली. आठवणी नोंदवल्या नाहीत तर नाहीशा होतात. उल्हासनगर म्हटले की लोकांना नकली मालाचे विनोद आठवतात, फाळणी आठवत नाही. ते बदलायला नको का? सरांनी हे नाकारले नाही. ते एवढेच म्हणाले की त्या रिक्षावाल्यानेही आज आपल्याला सगळे सांगितले, मॅलेट सांगितला, कोतवाल सांगितला. पण त्याला स्वतःला ती रिक्षा जपून ठेवायची आहे का, हे आपण कुणी विचारले नाही.

ते खरे होते. आणि उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. माथेरानला ई-रिक्षा हव्यात ही मागणी हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच वर्षानुवर्षे लावून धरली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केले आणि मोटारबंदीला कायद्याचे आणखी एक कवच मिळाले. जंगल त्यामुळे वाचले, याबद्दल दुमत असू नये. मात्र मोटार नाही म्हटल्यावर तिचे काम कुणाच्यातरी अंगावर पडते, आणि ते कुणाच्या पडले ते आम्ही दिवसभर पाहिले होते. आमच्यासारख्यांना जो परत मिळालेला सावकाशपणा वाटला, त्याची किंमत एका माणसाच्या फुफ्फुसांतून वसूल होत होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिलेली होती आणि आम्ही गेलो त्यानंतर काही दिवसांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, तो प्रयोग सुरू झाला. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांच्याही पोटाचाच प्रश्न होता. पेव्हर ब्लॉकवरून वाद झाला. जंगलात आज ई-रिक्षा आली तर उद्या काय येईल, ही भीतीही खोटी म्हणता येत नाही. यांपैकी कोणतीही बाजू आम्ही हसण्यावारी नेऊ शकत नाही. परंतु हातरिक्षा राहावी, कारण ती माथेरानची ओळख आहे, असे जे कुणी म्हणत, ते म्हणणारे दांडे धरणाऱ्यांपैकी नव्हते.

परतल्यावर आमच्या बेताचे टिपण आम्ही फाडले नाही, पण बदलले. सरांनी होकार दिला, अटी त्यांच्या. फेब्रुवारी २०२३ मधल्या एका रविवारी विद्यार्थी जमले. सरांनी कुठल्याही बराकीत नेले नाही. एक अर्धवट उभी होती, तिच्याकडे एका मुलाने कॅमेरा वळवला तर म्हणाले, “तिथे कुणीतरी राहतं.” त्यांनी सगळ्यांना एका गल्लीच्या तोंडाशी नेले. इथे नळ होता, म्हणाले. आता तिथे मोबाइलचे दुकान होते. शेजारच्या हॉटेलातून त्यांनी दोन बादल्या मागून आणवल्या, काठोकाठ भरून घेतल्या आणि विद्यार्थ्यांना सांगितले की इथून त्या सहा मजली इमारतीच्या दारापर्यंत, दोघादोघांनी आळीपाळीने, पाणी न सांडता नेऊन परत आणायचे. मधे वाहने, हातगाड्या, रविवारची गर्दी. आम्हीही नेले. दीडशे-दोनशे पावले असतील. पुष्कळ सांडले. काहीजण हसत होते, परत येईपर्यंत हसू थांबलेले होते. बादलीची कडी बोटांत रुतते हे त्यांतल्या कित्येकांना नव्याने कळत होते. एका मुलीने मात्र एक थेंब सांडला नाही. तिच्या वस्तीत अजून पाणी भरून आणावे लागते, असे ती म्हणाली, आणि त्या दिवशी मार्गदर्शक कोण आणि प्रवासी कोण हा आमचा हिशेब पुन्हा एकदा चुकला.

सगळ्यांचे झाल्यावर सर दुकानाच्या पायरीवर बसले. “आता विचारा,” म्हणाले. आणि मग ते दोन तास बोलले.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानुष ठरवली, गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षांची योजना आखण्यास राज्याला सांगितले, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही असेही बजावले. सायकलरिक्षा चालवणाऱ्यांच्या पंजाबातील प्रकरणात याच न्यायालयाने १९८० साली दिलेल्या निर्णयाची आठवण त्यात होती. त्यालाही तोवर पंचेचाळीस वर्षे झाली होती.

बातमी आली त्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन आम्ही सरांकडे गेलो. आम्हांला समाधान वाटत होते, आणि खरे सांगायचे तर ते समाधान थोडे स्वतःबद्दलही होते, जणू त्या निकालात आमच्या नोव्हेंबरातल्या अस्वस्थतेचा काही वाटा होता. सरांनी चष्मा लावून बातमी पूर्ण वाचली. परवानाधारक हातरिक्षा ओढणारे ९४, हा आकडा या प्रकरणाच्या बातम्यांत वारंवार येत असे. तो आम्ही त्यांना सांगितला.

“त्यांची नावं कुठे असतील?” सरांनी विचारले.

परवान्यांच्या नोंदीत असणारच, आम्ही म्हणालो. वर्तमानपत्रात कशी येतील?

“तसं नाही. आपल्याला घेऊन गेला त्याचं नाव काय होतं?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याने सांगितलेले शार्लट आणि लुईझा आमच्या ध्यानात होते. मॅलेटचे साल, कोतवालांचे साल, पीरभॉय बापलेकांची नावे, सारे होते. किपलिंगने चौघांना नाव दिले नाही, यावर आमच्यातल्या एकाने एव्हाना एक लेखही लिहिला होता. ते तिघे जवळजवळ सहा तास आमच्याबरोबर होते. नाव आम्ही विचारले नव्हते.

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “मीही नाही विचारलं,” ते म्हणाले. “वजन विचारलं.”